कार्ल्याची एकवीरा आणि ‘संरक्षक देवता’ ही संज्ञा : एक चिकित्सा

१

कार्ल्याची एकवीरा ही कोकणपट्टीतील कोळ्यांची संरक्षक देवता होय, हे विधान प्रवासवर्णनांपासून प्रबंधांपर्यंत सर्वत्र आढळते. ते इतके परिचयाचे झाले आहे की, त्यात चार स्वतंत्र विधाने गुंफलेली आहेत याकडे सहसा लक्ष जात नाही. पहिले विधान स्थळाविषयीचे : लोणावळ्याच्या पूर्वेस, इंद्रायणीच्या खोऱ्यावर उभ्या असलेल्या डोंगरात या देवीचे ठाणे आहे. दुसरे नावाविषयीचे : त्या देवीस एकवीरा म्हणतात. तिसरे समाजाविषयीचे : कोळी तिला आपली मानतात. चौथे संबंधाविषयीचे : देवी आणि समाज यांच्यातील नाते संरक्षणाचे आहे. पहिली तीन विधाने पाहणीने पडताळता येतात. चौथे मात्र पाहणीतून निघालेले नसून एका पाश्चात्त्य संज्ञेच्या भाषांतरातून आलेले आहे.

ही चारही विधाने एका सूत्रात ओवण्याचा सर्वांत समर्थ प्रयत्न प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी केला. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात पश्चिम महाराष्ट्रातील मातृदेवतांच्या ठाण्यांविषयी जे विवेचन आहे, त्याने या विषयाच्या अभ्यासाची दिशाच बदलली. ग्रंथालयात बसून दैवतांची वंशावळ मांडण्याची पद्धत बाजूस सारून कोसंबी स्वतः डोंगर चढले, वाटा तुडवल्या, शेंदूर फासलेल्या निराकार दगडांची विचारपूस केली आणि अशा ठाण्यांच्या आसपास सापडणाऱ्या सूक्ष्म अश्मास्त्रांची नोंद ठेवली. पेशाने गणिती असलेल्या या अभ्यासकाने मातृदेवतांची ठाणी प्राचीन वाटांच्या मिलनस्थानी आढळतात आणि बौद्ध लेणीही त्याच वाटांच्या आधाराने वसली, हे दाखवून दिले. पुढील काळात महाराष्ट्रातील लोकदैवतांवर झालेले कोणतेही गंभीर लेखन या ग्रंथाची दखल घेतल्यावाचून पुढे गेलेले नाही.

असे असले तरी, किंबहुना असे आहे म्हणूनच, या उपपत्तीतील प्रत्येक दुव्याची स्वतंत्र परीक्षा होणे अगत्याचे आहे. विशेषतः जेथे पुरावा भाषेचा आहे, तेथे तो भाषाशास्त्राच्या कसोटीवर किती उतरतो आणि किती उतरत नाही, हे पाहिले पाहिजे. नावाचे सातत्य आणि उपासनेचे सातत्य या दोन भिन्न गोष्टी होत. पहिले सिद्ध झाल्याने दुसरे आपोआप सिद्ध होत नाही. कार्ल्याच्या बाबतीत पहिले निःसंशय सिद्ध आहे. दुसरे अद्याप सिद्ध व्हावयाचे आहे.

२

प्रथम ‘मावळ’ या नावाचा विचार करू. कार्ल्याच्या चैत्यगृहात सातवाहनकालीन एक आज्ञालेख आहे. त्यात वालुरक लेण्यांत राहणाऱ्या महासांघिक भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजक नावाचे गाव दिल्याचा उल्लेख असून ते गाव ‘मामालाहारा’त असल्याचे सांगितले आहे. ‘आहार’ म्हणजे सातवाहनांच्या राज्यव्यवस्थेतील एक प्रांतविभाग. नाशिकच्या लेखांतील ‘गोवधनाहार’ हा त्याच जातीचा शब्द. तेव्हा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात या प्रदेशाचे नाव ‘मामाल’ होते, ही गोष्ट दगडावर कोरलेली आहे.

‘मामाल’पासून ‘मावळ’ कसे झाले, हे सांगण्यासाठी कल्पनाशक्तीची गरज नाही. मराठीच्या ध्वनिपरिवर्तनाचे परिचित नियम त्यास पुरेसे आहेत. दोन स्वरांमधील मकाराचा मराठीत वकार होतो : ग्राम–गाव, नाम–नाव, आमलक–आवळा. दुसऱ्या अक्षरातील दीर्घ आकार आखूड होणे हेही अपरिचित नाही : कुमार–कुंवर या एकाच उदाहरणात मकाराचा वकार आणि आकाराचा अकार असे दोन्ही बदल एकत्र दिसतात. राहता राहिला ळकार. प्राकृतातील दोन स्वरांमधील एकेरी लकाराचा मराठीत ळकार होतो, तर द्वित्त लकाराचा एकेरी लकार होऊन राहतो. ‘वेळ’ या अर्थाचा संस्कृत ‘काल’ मराठीत ‘काळ’ झाला, पण ‘कल्य’पासून ‘कल्ल’मार्गे आलेला आदल्या दिवसाचा वाचक शब्द ‘काल’ असाच राहिला. या जोडीत तो भेद लख्ख दिसतो. पश्चिम भारतातील लेण्यांच्या ब्राह्मी लेखांत द्वित्त व्यंजने सहसा दोनदा लिहिली जात नसत. त्यामुळे ‘मामाल’मधील लकार एकेरी की द्वित्त, हे केवळ कोरीव लेखावरून ठरविता येत नाही. तो निर्णय आजचा ळकार देतो. येथे जिवंत बोली शिलालेखाच्या लिपीतील उणीव भरून काढते, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या कसोटीने काही लोकप्रिय व्युत्पत्त्या आपोआप बाद होतात. सूर्य मावळतो त्या दिशेचा मुलूख तो मावळ, ही समजूत देशावरून पाहणाऱ्यास साहजिक वाटेल. परंतु ती कोरीव लेखातील दुसऱ्या मकाराचा हिशेब देत नाही. ‘मातुल’पासून आलेल्या ‘मावळा’, ‘मावळण’ या नातेवाचक शब्दांशी प्रदेशनाम जोडण्यातही तीच अडचण आहे, कारण ‘मातुल’ शब्दात दुसरा मकार कधीच नव्हता. ‘माउली’ शब्दाशी संबंध जोडावा, तर तेथे लकार आहे, ळकार नाही. ‘लोणावळा’ हे नाव लेण्यांची ओळ म्हणजे ‘लेणावली’पासून आले, असे सांगण्याची रीत आहे. तेथेही ळकार जुळतो, परंतु ‘लेणे’तील एकाराचा ओकार का व्हावा याचे उत्तर मिळत नाही. अर्थ जुळला म्हणजे व्युत्पत्ती सिद्ध झाली असे होत नाही. ध्वनीही जुळावा लागतो.

सारांश, मावळ हे नाव सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षे या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले आहे. राज्ये बदलली, धर्म बदलले, पण शब्द उच्चारणाऱ्यांची परंपरा तुटली नाही. तुटली असती, तर नियमित ध्वनिपरिवर्तन झालेच नसते. येथवर कोसंबींचे प्रतिपादन पूर्णतः ग्राह्य आहे.

३

यापुढचे पाऊल मात्र सावधपणे टाकले पाहिजे. मावळ प्रदेशात पाण्याच्या काठी, बहुधा अनेकवचनाने उल्लेखिल्या जाणाऱ्या मातृदेवता आहेत. त्यांस मावळादेवी किंवा मावळाया म्हणतात. त्यांना मूर्ती नसतात, शेंदूर लावलेले तांदळे असतात. साती आसरांशी त्यांचे साधर्म्य उघड आहे. कोसंबींनी या देवतांचा संबंध ‘मामालाहारा’शी जोडला आणि प्रदेशाच्या नावामागे या मातृदेवतांची उपासना असल्याचे सुचविले. तसे असेल, तर मावळायांची उपासना सातवाहनांपूर्वीची ठरते आणि संपूर्ण आहारच देवतांच्या नावाने ओळखला जात होता असे म्हणावे लागते.

ही सूचना मोहक आहे, परंतु तिच्यात दिशेचा प्रश्न सुटलेला नाही. प्रदेशनाम आणि देवतानाम यांत साम्य असेल, तर दोन शक्यता संभवतात : देवतेवरून प्रदेशास नाव मिळाले, किंवा प्रदेशावरून देवतेस. मराठीत दोन्ही प्रकारची उदाहरणे आहेत. मुंबा या देवीवरून मुंबई, जोगाईवरून आंबेजोगाई ही पहिल्या प्रकारची. गावाच्या किंवा मुलखाच्या नावावरून देवतेस नाव मिळणे हा दुसरा प्रकार. शिवाय तिसराही एक प्रकार आहे. रायगडावरील शिरकाईचे नाव शिर्के घराण्याशी जोडले जाते. तेथे नाव ना स्थळाचे, ना गुणाचे, तर कुळाचे आहे.

‘मावळाया’ या शब्दाची घडण पाहता तो ‘मावळ’ आणि ‘आया’ यांचा सरळ समास दिसतो. म्हणजे मावळातल्या आया. ‘यमाई’, ‘तुकाई’, ‘वाघजाई’, ‘बोल्हाई’ अशा आईकारान्त नावांची जी विपुल निर्मिती मराठीत झाली, तिच्यातलाच हा अनेकवचनी प्रकार. असा समास ‘मामाल’चे ‘मावळ’ झाल्यानंतर कोणत्याही शतकात घडू शकतो. त्यातच ‘मावळ’ हा शब्द पुढे विशेषनाम राहिला नाही. बारा मावळे, गुंजण मावळ, हिरडस मावळ, कानद मावळ अशा प्रयोगांत तो सह्याद्रीच्या कुशीतील नदीखोऱ्याचा वाचक झाला. तेव्हा मावळाया म्हणजे ‘खोऱ्यातल्या आया’ असाही अर्थ संभवतो आणि त्या अर्थाला सातवाहनकाळाची मुळीच गरज नाही.

ही उपासना मावळाबाहेर आढळत नाही, असा युक्तिवाद कोसंबींच्या बाजूने करता येईल. परंतु तो दुधारी आहे. देवतेवरून प्रदेशास नाव मिळाले असते तरी देवता मावळातच आढळल्या असत्या, आणि प्रदेशावरून देवतेस नाव मिळाले असते तरीही त्या मावळातच आढळल्या असत्या. जो पुरावा दोन्ही पक्षांना सारखाच अनुकूल असतो, तो कोणत्याच पक्षाचा पुरावा नसतो. ‘मामाल’ नावाच्या मातृदेवता कधीच नव्हत्या, असे यावरून सिद्ध होत नाही, हे अर्थातच मान्य केले पाहिजे. सिद्ध होते ते एवढेच की, शब्दाच्या वयावरून पूजेचे वय काढता येत नाही.

याच डोंगराच्या पायथ्याशी याचे उलट उदाहरण आहे. तेथील गावाचे नाव वेहेरगाव. त्यात ‘विहार’ हा शब्द दडलेला आहे, असे सामान्यतः मानले जाते. विहारातील भिक्षू जाऊन कित्येक शतके लोटली, त्यांची उपासना थांबली, पण गावाने शब्द सोडला नाही. नाव टिकले असता उपासना नष्ट होऊ शकते, याचा याहून जवळचा दाखला कोणता असणार?

४

‘एकवीरा’ या नावाची प्रकृती सर्वस्वी निराळी आहे. ‘एक’ आणि ‘वीर’ हे दोन्ही घटक येथे संस्कृतात असावेत तसेच उभे आहेत. बोलीच्या घर्षणाची एकही खूण त्यांवर नाही. ‘मावळ’ हा नदीच्या पात्रात घासून गोल झालेला गोटा म्हणावा, तर ‘एकवीरा’ ही टाकीने घडविलेली चिरेबंदी शिळा आहे. याचा अर्थ हे नाव अर्वाचीन आहे असा नव्हे. पुराणातील देवीस्थानांच्या यादीत, विशेषतः मत्स्यपुराणातील अष्टोत्तरशत नामावलीत, सह्याद्रीवरील देवी म्हणून एकवीरेचा निर्देश आहे. परंतु ग्रंथातून आणि पठणातून टिकलेले नाव व खोऱ्यातल्या बोलीतून टिकलेले नाव यांचा पुरावा एकाच मापाने मोजता येत नाही.

मत्स्यपुराणातील निर्देशही कार्ल्याचाच आहे असे म्हणण्यास आधार नाही. सह्याद्री हा शब्द पुराणकारांनी विस्तीर्ण अर्थाने वापरला आहे. माहूरची रेणुका एकवीरा म्हणून ओळखली जाते. धुळ्यास एकवीरेचे प्रसिद्ध स्थान आहे, अमरावतीसही आहे. म्हणजे हे नाव एका ठाण्यापुरते नसून रेणुकेच्या उपासनेबरोबर खानदेश-वऱ्हाडापर्यंत पसरलेले आहे. परशुराम हा एकच वीर जिच्या पोटी आला ती एकवीरा, ही जी उपपत्ती भाविक सांगतात, ती याच रेणुकासंबंधाची निदर्शक होय. व्याकरणदृष्ट्या ‘एकवीर’ याचा संस्कृतातील रूढ अर्थ अद्वितीय वीर असा आहे, आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप देवीच्या स्वतःच्या पराक्रमाकडे बोट दाखविते, मुलाच्या नव्हे. रेणुकेची कथा जोडली गेल्यानंतर समासाचा अर्थ मातृत्वाकडे वळविण्यात आला असावा.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पायऱ्या चढून आलेला भाविक देवीला हाक मारतो ती ‘आई’ अशी. नाव घेतलेच तर ‘एकवीरा आई’. म्हणजे कार्ल्यास तीन भाषिक थर एकमेकांवर बसलेले आहेत : बोलीतून अखंड आलेले स्थळनाम, ग्रंथपरंपरेतून आलेले देवतानाम आणि नात्याने मारलेली हाक. या तिन्ही थरांची वये वेगळी, वाहक वेगळे आणि पुरावा म्हणून त्यांची किंमतही वेगळी. ती एकत्र करून ‘कार्ल्याची प्राचीन मातृदेवता एकवीरा’ असा एकसंध शब्दप्रयोग करणे सोयीचे असले, तरी शास्त्रीय नाही.

५

आता ‘संरक्षक देवता’ या संज्ञेकडे वळता येईल. हिचे मूळ रोमन समाजव्यवस्थेतील ‘पात्रोनुस’ या शब्दात आहे. आश्रितास आश्रय देणारा, त्याची बाजू घेणारा प्रतिष्ठित पुरुष असा त्याचा अर्थ असून तो लॅटिनमधील पितृवाचक शब्दापासून साधलेला आहे. ख्रिस्ती युरोपात तोच शब्द नगरांचे व कारागीरसंघांचे पाठीराखे संत यांस लावण्यात आला, आणि तेथून तो जगातील सर्व धर्मांच्या वर्णनासाठी वापरला जाऊ लागला. पितृवाचक शब्दापासून आलेली संज्ञा ‘आई’ म्हणून हाक मारल्या जाणाऱ्या देवतेस लावताना थोडे थांबून पाहणे आवश्यक होते. तसे फारसे झाले नाही.

या संज्ञेचा सर्वाधिक वापर ज्या धर्माच्या वर्णनात झाला, तो म्हणजे मेक्सिकोतील अॅझ्टेकांचा. तेथील सामग्रीचा उपयोग येथे तुलनेसाठी होतो तो अशासाठी की, कार्ल्यास जे एकत्र मिसळलेले दिसते ते तेथे सुटे सुटे पाहावयास मिळते. १५२१ साली स्पॅनिश सैन्याने तेनोच्तित्लान हे नगर जिंकल्यानंतर बेर्नार्दिनो दे साहागून या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने तेथील वृद्धांकडून त्यांच्या नाहुआत्ल भाषेतच माहिती मिळवून बारा भागांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या पहिल्याच भागात तेथील देवतांचे वर्णन आहे. विट्सिलोपोच्त्ली या प्रमुख देवाची ओळख करून देताना साहागूनने त्याला दुसरा हर्क्युलीस म्हटले. परक्या देवास आपल्या ओळखीच्या चौकटीत बसविण्याची प्रवृत्ती किती जुनी आहे, याचे हे उदाहरण.

अॅझ्टेकांमध्ये ज्यांना सरसकट ‘संरक्षक’ म्हटले जाते, त्या देवतांचे निदान तीन प्रकार दिसतात. पहिला प्रकार लोकसमूहाबरोबर चालत येणाऱ्या देवाचा. मेशिका लोकांच्या स्थलांतरकथेत विट्सिलोपोच्त्ली हा त्यांचा वाटाड्या आहे. ‘तेओमामा’, म्हणजे देव पाठीवर वाहणारे, त्याला गाठोड्यात घेऊन चालतात आणि तो सांगेल तेथे मुक्काम करतात. परंपरेने १३२५ साली तेनोच्तित्लानची स्थापना झाली ती त्याच्याच खुणेवरून. दुसरा प्रकार स्थळाच्या देवतेचा. तेथील नगरराज्यास ‘आल्तेपेत्ल’ म्हणत. हा ‘पाणी’ आणि ‘डोंगर’ या दोन शब्दांचा जोडशब्द आहे. अशा प्रत्येक नगरराज्याचे स्वतःचे दैवत असे, आणि त्याच्या पोटातील ‘काल्पुल्ली’ या वस्त्यांचेही. तिसरा प्रकार व्यवसायाच्या देवतेचा : सोनारांचा शिपे तोतेक, व्यापाऱ्यांचा याकातेकुत्ली आणि पाण्यावर जगणाऱ्यांचा ओपोच्त्ली. जाळे, तीन टोकांचा भाला व होडी वल्हविण्याची काठी ही साधने ओपोच्त्लीने मनुष्यास दिली, अशी समजूत साहागूनने नोंदविली आहे.

येथे नावांविषयीचा एक धडाही मिळतो. ‘ओपोच्त्ली’ म्हणजे डावा. ‘विट्सिलोपोच्त्ली’ या नावाचा उत्तरार्धही हाच शब्द असून पूर्वार्ध एका चिमुकल्या मधुभक्षी पक्ष्याचा वाचक आहे. नावातील घटक एकच, परंतु एक देव राज्यकर्त्या लोकसमूहाचा व युद्धाचा, तर दुसरा कोळ्यांच्या जाळ्याचा. नामसाम्यावरून देवतांचे ऐक्य काढणाऱ्यांनी ही जोडी विसरू नये.

६

या तीन प्रकारांच्या आधारे कार्ल्याकडे पाहिले असता काय दिसते? एकवीरा ही व्यवसायाची देवता नव्हे. तिच्या कथेत जाळे नाही, होडी नाही, समुद्रही नाही. तिचे ठाणे किनाऱ्यापासून दूर, घाटमाथ्यापलीकडे आहे. शिवाय कोळ्यांबरोबर आगरी आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू हेही तिला कुलदैवत मानतात. जाळे टाकणारा, मिठागरात व शेतात राबणारा आणि लेखणीवर जगणारा अशा तिघांची जी एक देवता आहे, तिचे नाते व्यवसायावरून ठरलेले असू शकत नाही. तेव्हा ओपोच्त्ली ज्या अर्थाने पाण्यावरच्या लोकांचा देव होता, त्या अर्थाने एकवीरा कोळ्यांची देवी नाही.

ती लोकांबरोबर चालत आलेली देवताही नव्हे. महाराष्ट्रात तो प्रकार आहे. वीर येथील म्हसकोबा हा सोनारीहून कमळाजी धनगराच्या भक्तीस वश होऊन आला, ही कथा प्रसिद्ध आहे, आणि भक्ताच्या मागे येणाऱ्या अशा देवांचा गुंथर-डीट्झ सोन्थायमर यांनी धनगरांच्या दैवतांवरील आपल्या ग्रंथात (मूळ जर्मन आवृत्ती १९७६) सविस्तर अभ्यास केला. तेथे विट्सिलोपोच्त्लीप्रमाणे देव हलतो. एकवीरा हलत नाही. हलतात ती माणसे. चैत्रात किनाऱ्यावरून निघून घाट चढून ती देवीकडे येतात. देवघर येथील काळभैरव हा देवीचा भाऊ मानला जातो. त्याची भेट घेऊन आणि चैत्र शुद्ध सप्तमीची पालखी पाहून ती परत जातात. त्यांच्या घरच्या देव्हाऱ्यात असतो तो टाक, म्हणजे देवतेची धातूच्या पत्र्यावर उठविलेली लहान प्रतिमा. मूळ ठाणे अचल आणि टाक चल, अशी ही व्यवस्था आहे. अॅझ्टेकांच्या गाठोड्यात देव स्वतः होता. टाकात देवीची आठवण असते आणि तो देव्हाऱ्यात असूनही वर्षातून एकदा डोंगर चढावाच लागतो.

मग ती स्थळाची देवता म्हणावी काय? अंशतः होय. परंतु स्थळदेवतेचे पहिले नाते त्या स्थळी राहणाऱ्यांशी असते. मराठीत त्यास ग्रामदैवत हा नेमका शब्द आहे. मावळातील गावांना आपापली ग्रामदैवते आहेत, पाण्याकाठच्या आया आहेत, खिंडीतली वाघजाई आहे. कार्ल्यास गर्दी होते ती मुख्यतः खालून, कोकणातून येणाऱ्यांची. ज्यांचे गाव तेथे नाही, शेत तेथे नाही, पण कुळाचे मूळ तेथे आहे असे मानणाऱ्यांची ती देवी आहे. या नात्यास मराठीत कुलदैवत म्हणतात. त्यात संरक्षणाची आशा असते हे खरे, पण ते त्याचे व्यवच्छेदक लक्षण नव्हे. लग्नानंतरचे दर्शन, जावळ, नवस, वर्षाची वारी या कर्तव्यांनी ते नाते बांधलेले असते. संरक्षणाची याचना मनुष्य कोणत्याही देवाकडे करतो. कुलदैवताकडे मात्र त्याला जावेच लागते.

कोळ्यांच्या या यात्रेवरून, मावळातील आणि किनाऱ्यावरील लोक एकेकाळी एकच होते, असे अनुमान काढण्याचाही मोह होतो. सह्याद्रीत महादेव कोळी आहेत, किनाऱ्यावर सोनकोळी आहेत. परंतु समाजनाम समान असल्याने वंश समान ठरत नाही. वर सांगितलेली ‘ओपोच्त्ली’ची सावधगिरी येथेही लागू आहे. त्यातून १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाल्यावर मुंबई-ठाण्याहून कार्ल्यास येणे किती सुकर झाले, याचा विचार केला पाहिजे. आज दिसणाऱ्या यात्रेचा विस्तार जसाच्या तसा मागे नेऊन सातवाहनांच्या व्यापारी मार्गावर बसविता येणार नाही. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने या चैत्यगृहाची निर्मिती पूर्णत्वास नेली, धेनुकाकटाच्या यवनांनी स्तंभ दिले, हे लेखांवरून कळते. त्या दात्यांच्या वेळी येथे एखादी आई होती किंवा काय, याविषयी हे दानलेख काहीच बोलत नाहीत.

७

हा सर्व ऊहापोह केवळ संज्ञांचा वाद आहे असे कोणी म्हणेल. तसे ते नाही. कार्ल्याच्या डोंगरावर भारतातील सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह आणि देवीचे देऊळ हाताच्या अंतरावर उभी आहेत. एकाकडे पाहणारा म्हणतो, येथे आधी बुद्ध होता. दुसरा म्हणतो, आधी आई होती. अभ्यासकाने ‘असावे’ म्हणून लिहिलेले अनुमान अशा ठिकाणी ‘आहे’ होऊन व्यासपीठावर पोहोचते आणि तेथे ते हक्काचा दाखला म्हणून वाचले जाते. कोसंबींनी आपली उपपत्ती शोधाला चालना देणारे गृहीतक म्हणून मांडली होती. पुढच्या पिढ्यांनी ती निष्कर्ष म्हणून उद्धृत केली. दोष गृहीतकाचा नाही, त्याच्या पुढे न जाणाऱ्यांचा आहे.

पुढे जाण्याचा मार्ग उपलब्ध आहे आणि तो कोसंबींनीच दाखविलेला, म्हणजे पायी चालण्याचा आहे. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांतील पाण्याकाठच्या सर्व तांदळ्यांची स्थानिक नावे, उच्चारांसह, गावोगाव नोंदविली पाहिजेत. ‘मावळाया’ हे नाव ज्या मुलखाला मावळ म्हणत नाहीत अशा ठिकाणी, उदाहरणार्थ घाटाखाली किंवा भीमेच्या खालच्या खोऱ्यात, आढळले, तर ते प्रदेशनामापासून स्वतंत्र आहे असे म्हणता येईल आणि कोसंबींच्या अनुमानास मोठे बळ मिळेल. ‘मावळ’ म्हणविणाऱ्या खोऱ्यांतच ते सापडले, तर दिशेचा प्रश्न तसाच उघडा राहील आणि तो उघडा आहे असेच लिहावे लागेल. त्याचबरोबर कोळी, आगरी व प्रभू कुटुंबांतील कुलाचाराची शब्दसामग्री वेगवेगळी गोळा करून तिची तुलना झाली पाहिजे. एकाच आईला तीन समाज कोणत्या नावांनी, कोणत्या क्रियापदांनी आणि कोणत्या तिथींना भेटतात, हे कळल्यावाचून तिला कोणाची ‘संरक्षक’ म्हणावे हे ठरविता येणार नाही. घरातील वृद्ध स्त्रियांच्या तोंडी असलेली ही सामग्री छापील आरत्यांपुढे झपाट्याने मागे पडत आहे. या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्याने म्हणून आपल्या कामाचा आरंभ संदर्भसूचीपासून नव्हे, तर या नोंदींपासून करावा.